चष्म्याच्या घरातला पंप

मुंबईत थंडी पडत नाही, जाहीर होते. आमच्या बोरीवलीत तर तिची सूचना थेट सोसायटीच्या फलकावर लागते: 'सव्वीस जानेवारीनिमित्त सकाळी ध्वजवंदन, नंतर श्रीसत्यनारायणाची महापूजा, सायंकाळी सांस्कृतिक कार्यक्रम व मान्यवरांचा सत्कार.' प्रजासत्ताकाचा आणि सत्यनारायणाचा संबंध काय, असं मी लग्न होऊन या इमारतीत आले तेव्हा विचारलं होतं. "सुट्टी असते ना," असं उत्तर मिळालं. इतकं प्रामाणिक उत्तर त्यानंतर मला कुठल्याही समितीकडून मिळालेलं नाही.

फलक लागला की मी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजच्या दारावरचा कागद वाचते. पाठ आहे, तरी वाचते. त्यावर स्केचपेनने काढलेल्या तीन पट्ट्या आहेत. हिरवी म्हणजे सगळं ठीक, रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ घ्यायचा आणि नंतर चूळ भरायची. पिवळी म्हणजे छाती कुरकुरायला लागली, निळा पंप काढायचा. किती वेळा, किती थांबून, ते लिहिलेलं आहे. लाल म्हणजे वाट बघत बसायचं नाही, निळा पंप घेत घेत दवाखाना गाठायचा. बोरीवलीत सिग्नल कोणी पाळत नाही, पण हा पाळावा लागतो.

कागदाशेजारच्या खणात पंप, तो जोडायची प्लास्टिकची फुगीर नळी आणि छातीचा जोर मोजायची एक फुंकणी असते. फुंकणीचं खरं नाव लांबलचक आहे. पण जीव खाऊन फुंकायचं आणि काटा कुठवर सरकतो ते बघायचं, एवढंच तिचं काम. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या माझ्या आजीला ती एका मिनिटात कळली असती.

या दिवसांत आमच्या गच्चीवरून नॅशनल पार्कचे डोंगर दिसेनासे होतात. माणसं "काय मस्त धुकं पडलंय" म्हणून फोटो काढतात आणि सुप्रभात लिहून एकमेकांना पाठवतात. धुक्याला डिझेलचा वास नसतो, हे त्यांना कोणी सांगत नाही. खाली झाडलोट झाली की पालापाचोळ्याचा ढीग कंपाउंडच्या कोपऱ्यात पेटतो. शेजारची इमारत पुनर्विकासात गेली आहे. तिचं सिमेंट आमच्या खिडक्यांवर, कुंड्यांवर आणि लोणच्याच्या बरणीच्या फडक्यावर बसलेलं असतं. माझ्या छातीला हे सगळं फोटो काढणाऱ्यांच्या आधी कळतं. आधी हनुवटीखाली खाज येते. मग जांभया, एकापाठोपाठ तीन. मग वाक्य संपायच्या आत श्वास संपतो, आणि मी, जिला टोमण्याशिवाय वाक्य पुरं करता येत नाही, ती "हो" आणि "नाही"वर येते.

दम्यात श्वास आत जात नाही असं लोकांना वाटतं. आत तो जातो. बाहेर यायला तयार नसतो. पागडीच्या जागेतल्या भाडेकरूसारखा एकदा शिरला की ठाण मांडून बसतो, आणि मग नव्याला जागा उरत नाही. हे समजायला मला चाळीस वर्षं लागली. तोवर मी हवा आत ओढण्याचाच आटापिटा करत होते.

घाटकोपरच्या चाळीत आमच्या घरी दोन मौल्यवान वस्तू तांदळाच्या डब्यात असायच्या: आईच्या पाटल्या आणि माझा पंप. पाटल्या चोरांपासून लपवलेल्या, पंप पाहुण्यांपासून. आई मालवणकडची. मुंबईत तीस वर्षं काढली तरी रागावली की तिची भाषा गावाला जायची. कॉलेजात असताना मी एकदा हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर पंप तोंडाला लावला. त्या गेल्यावर ती म्हणाली, "चार माणसांत काढूची वस्तू आसा ती?" बायकांना मात्र तिने शुद्ध मराठीत सांगून टाकलं होतं, "दमाबिमा काही नाही हो, सर्दीचा कोठा आहे तिचा." कोठा! माझ्या अंगात सर्दीचं गोदाम आहे आणि किल्ली आईच्या कमरेला आहे, असं मला वाटायचं.

पंपाची सवय लागते, यावर तिची ठाम श्रद्धा होती. म्हणून पंपाआधी ओव्याची धुरी. निखाऱ्यावर ओवा टाकायचा, वरून चादर, चादरीत मी. ओव्याचा तो तिखट, उबदार वास मला अजून आवडतो आणि त्याने माझा जीव जायचा. मायेने माणूस गुदमरतो हे मी शब्दशः अनुभवलेलं आहे. आई चादरीबाहेर बसून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहायची. त्यातला हात तेवढा औषधाचा होता.

तिच्याकडून मी पाठ फिरवायला शिकले. लग्नांत मंडपामागे, ऑफिसात जिन्यात. मी पार्ल्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. ज्याला धुळीचं वावडं त्याने जुन्या पुस्तकांत नोकरी धरावी, हा विनोद माझ्या आधी सगळ्यांनी करून झाला आहे. तिथेही मी जाड कोशांच्या कपाटामागे जाऊन पंप घ्यायचे. तिकडे विद्यार्थी फिरकत नाहीत, ही खात्रीची गोष्ट. पुढे तर मी एक युक्तीच काढली. चष्म्याचं एक टणक, काळं, आत मखमल लावलेलं घर विकत आणलं. निळा पंप त्यात मापाने शिवल्यासारखा बसला. पर्स उघडली तरी कोणाला दिसणार नाही. आईच्या तांदळाच्या डब्याला मी मनात हसले आणि स्वतःची पाठ थोपटली.

आता बघा, डोळे कमजोर म्हणून चष्मा लावणारा माणूस कोणाकडे पाठ फिरवत नाही. चष्म्याची सवय लागेल म्हणून त्याला कोणी गाजरं खाऊ घालून ठेचकाळत सोडत नाही. उलट चष्म्याने माणूस विद्वान दिसतो. माझ्याच तोंडावर चष्मा राजरोस बसलेला, आणि त्याच्या घरात पंप तोंड लपवून. दुसऱ्यांच्या दिखाऊपणावर मी वर्षानुवर्षं बोलत आले. माझा स्वतःचा दिखाऊपणा पर्समध्ये मखमलीवर झोपलेला होता.

फ्रिजवरचा कागद आमच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडून लिहून घेतला. छापील देत नाहीत त्या. "स्वतःच्या अक्षरातलं माणूस वाचतो," म्हणतात. पहिल्यांदा कागद पुरा झाला तेव्हा त्यांनी विचारलं,

"पंप कुठे ठेवता?"

"पर्समध्ये."

"घरात कोणाला माहितीय?"

"नवऱ्याला माहितीय मला दमा आहे ते."

"मी दम्याचं नाही विचारलं. पंप कुठे आहे, आणि तो कसा द्यायचा, हे कोणाला येतं?"

मी पर्सची चेन ओढून बंद केली. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हे बघा, तयारी तुमच्यासाठी नसतेच. तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा शेजारी जो कोणी असेल ना, त्याच्यासाठी असते. हा कागद घरात सगळ्यांना दिसेल असा लावा."

मी मान डोलावली. कागद नेऊन कपाटात साड्यांखाली ठेवला.

मला आठवतो तो जानेवारी दोन वर्षांपूर्वीचा. त्या जानेवारीने हा कागद साड्यांखालून काढून फ्रिजवर आणला.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष नाईकसाहेब. सरकारी खात्यातून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण 'साहेब' काही निवृत्त झाले नाहीत. कोणी नुसतं 'नाईक' म्हटलं तर ते आपल्यामागे उभ्या असलेल्या एखाद्या नाइकाला हाक मारली असावी तसे मागे बघतात. दर सव्वीस जानेवारीला ते काळा, बंद गळ्याचा कोट घालतात. मुंबईतल्या जानेवारीत दुपारी पंखा लागतो. साहेबांच्या कपाळावरून घाम ओघळत असतो, पण कोटाचं एक बटण सुटत नाही. या कोटावर मी इतके विनोद केलेत की माझी मैत्रीण संध्या म्हणते, "तो कोट गेला ना, तर तू मुकी होशील बघ."

संध्याकाळच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन दरवर्षी माझ्याकडे. पुस्तकांत काम करणाऱ्या माणसाला बोलताही येत असणार, असा एक गोड समज आहे. त्या वर्षी नवरा गावी आंब्याच्या फवारणीला गेला होता. मी सहाच्या सुमाराला खाली आले. मांडव झाला होता, खुर्च्यांना पांढरे झगे चढवले होते, शिऱ्याच्या द्रोणांवर माश्या बसत होत्या. मी माइकपाशी उभी राहून कागद लावत होते, इतक्यात फाटकातून घरघर ऐकू आली. खांद्याला यंत्र लावलेला धूरफवारणीवाला आत येत होता. मागच्या नाल्याचे डास मान्यवरांना चावू नयेत, म्हणून साहेबांनी त्याला मुद्दाम बोलावलं होतं.

आमच्या लहानपणी या धुरामागून पोरं आनंदाने धावायची. मी तेव्हाही उलट्या दिशेने धावायचे. त्या दिवशी धावायला जागा नव्हती. मागे पडदा, पुढे खुर्च्या. पांढरा, रॉकेलच्या वासाचा ढग मांडवाखाली शिरला आणि कनातींमुळे तिथेच राहिला. मी "कृपया" एवढंच माइकवर म्हणू शकले. पुढचा शब्द आलाच नाही.

नंतर मी पुष्कळदा विचार केला की त्या काही मिनिटांत भीती कुठे होती. छातीत तर होतीच. पण डोकं, ते नतद्रष्ट डोकं, व्यवस्थित चालू होतं. पर्स खुर्चीवर आहे, पर्समध्ये चष्म्याचं घर आहे, घरात पंप आहे, मधे पाच पावलं आहेत. आणि मला ती पाच पावलं टाकता येत नव्हती. खाली बसले. भोवती माणसं जमली.

"चक्कर आली! पाणी आणा!"

"अरे, बेनला झोपवा ना पहिले!" ही आमच्या मजल्यावरची जिग्नाबेन. मला आडवं करायला तिने खांदे धरले. दम्याच्या माणसाला आडवं करणं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणं. मी तिचे हात ढकलले.

"कापूर द्या नाकाला, पूजेतला आहे बघा."

"अगं, बोल ना काहीतरी!" संध्या रडवेली होऊन ओरडत होती. "काय होतंय तुला? बोल!"

बोलता आलं असतं तर आणखी काय पाहिजे होतं! मी पर्सकडे बोट केलं. संध्याने पर्स उलटी केली. पाकीट, किल्ल्या, रुमाल, दोन पेनं, आवळा सुपारी, चष्म्याचं घर. "यात काहीच नाहीये गं!" मी बोटांनी डोळ्यांभोवती गोल काढून दाखवले. चष्मा. चष्म्याचं घर.

"चष्मा पाहिजे तिला!" कोणीतरी ओरडलं.

"तो तर लावलाय!"

"मग दिसत नसेल, पूस तो."

आणि संध्याने, माझ्या वीस वर्षांपासूनच्या मैत्रिणीने, माझ्या नाकावरचा चष्मा काढला, पदराने नीट पुसला आणि पुन्हा माझ्या नाकावर बसवला. तो टणक काळा डबा तिच्या गुडघ्याशी जमिनीवर पडलेला होता. त्याच्याकडे कोणीच बघेना. मी इतकं उत्तम लपवलं होतं! तांदळाच्या डब्यात असता तर निदान आईला तरी ठाऊक असतं.

माइकवरून साहेबांचा आवाज येत होता: "कृपया गर्दी करू नये, मान्यवर पोहोचत आहेत, कृपया..." मग तो थांबला. गर्दी बाजूला झाली आणि साहेब माझ्यासमोर जमिनीवर बसले. दोन्ही गुडघे टेकून, त्या कोटात. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गळ्यापासून बटणं सोडायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. आतल्या खिशातून त्यांनी निळा पंप काढला.

"झोपवू नका. बसू द्या त्यांना. पुढे वाका, मॅडम, हात गुडघ्यांवर. संध्याताई, सरबताचा मोठा कागदी ग्लास आणा." सही करायचं ते सोनेरी पेन त्यांनी ग्लासाच्या बुडात खुपसलं, भोकात पंप बसवला, ग्लास माझ्या नाकातोंडावर धरला. "ओढायची घाई नको. सोडा आधी. जेवढा सुटेल तेवढा सोडा. हं. आता घ्या." फुस्स. "परत." फुस्स. मधे थांबत, घड्याळाकडे बघत, प्रत्येक वेळी पंप हलवून. खात्यात फायलीवर शेरा मारताना दिसत असतील तितक्याच शांतपणे.

याच वेळी फाटकाबाहेर फटाक्यांची माळ लागली. मान्यवर आले. मंचावर खुर्च्या होत्या, हार होता, नारळ होता. अध्यक्ष जमिनीवर होते. साहेबांनी मान वळवून एवढंच म्हटलं, "त्यांना बसवा जरा," आणि पुन्हा घड्याळाकडे बघितलं.

थोड्या वेळाने मला चार शब्द जोडता आले. संध्याने रिक्षा बोलावली, दवाखान्यात नाकातोंडावर वाफेचा मास्क लागला, आणि घरी परत येईपर्यंत सत्कार उरकून लोक शिरा खात होते. रिक्षात बसवायला साहेबही आले होते. बटणं अजून उघडीच होती.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"पस्तीस."

"कोणाला माहीत होतं?"

"बायकोला होतं. ऑफिसात कुठे सांगणार? साहेबाला दम लागलेला चालत नाही, मॅडम."

"आणि हा धूर?"

"मीच बोलावला," ते म्हणाले. मग रिक्षाच्या दांड्याला धरून स्वतः एकदा पंप घेतला, सगळ्यांसमोर.

म्हणजे तो कोट! दहा वर्षं मी ज्या कोटाला हसत होते, त्या कोटाच्या आत माझ्या चष्म्याच्या घराचा मोठा भाऊ राहत होता. असं समजल्यावर माणसाने नम्र व्हावं, अशी पद्धत आहे. मी काही नम्र झाले नाही. मला राग आला. साहेबांचा नाही, स्वतःचाही फारसा नाही. आम्हा दोघांना ज्याने ज्याने 'चार माणसांत' न काढायला शिकवलं, त्या चार माणसांचा. ती चार माणसं मला आयुष्यभर कोणी दाखवली नाहीत. त्या संध्याकाळी मांडवात दीडशे माणसं होती, आणि मी पंप काढला म्हणून त्यातल्या कोणाचं काहीही अडलं नसतं. पंप सापडत नव्हता म्हणून मात्र सगळे कासावीस झाले होते.

फेब्रुवारीच्या बैठकीत मी तीन मुद्दे मांडले: कार्यक्रमाच्या दिवशी धूरफवारणी नाही, कंपाउंडमध्ये पाला जाळायचा नाही, माळ लावायची नाही. एक सभासद म्हणाले, "तुमच्या एकटीसाठी सगळ्यांनी बदलायचं?" मी पंप टेबलावर ठेवला. साहेबांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, बघितलं. त्यांनी बराच वेळ इतिवृत्ताची वही चाळली. मग कोटाविनाच आलेले साहेब घसा खाकरून म्हणाले, "एकट्या नाहीत त्या. अध्यक्षांनाही आहे. लिहून घ्या." वहीत ते अजून आहे: 'अध्यक्षांनाही आहे.' काय आहे ते लिहायला चिटणीस विसरले.

त्यानंतर लिफ्टमध्ये मला लोक भेटायला लागले. दार बंद झालं की हळूच: "ते पंपाचं... सवय नाही ना लागत?" तिसऱ्या मजल्यावरची एक सून, सहाव्या मजल्यावरचे गणिताचे मास्तर, जिग्नाबेनचा धाकटा दीर. कोणाचा पंप देव्हाऱ्यामागे, कोणाचा मोज्यात. आमची इमारत सात मजली. प्रत्येक मजल्यावर एकेक तांदळाचा डबा. मी सगळ्यांना एकच सांगते: सवय श्वासाची लागलेली असते, ती जन्मापासूनची. डॉक्टरांना विचारा, आणि पंप कुठे आहे ते निदान एका माणसाला सांगा.

सगळं सुधारलं असं समजू नका. पाला अजून जळतो, फक्त आता मागच्या गल्लीत. साहेबांचं भाषण एक मिनिटानेही कमी झालेलं नाही, आणि तो कोटही आहेच. माळ मात्र गेली, धूर गेला, आणि वॉचमनच्या केबिनमध्ये आग विझवायच्या लाल नळकांड्याशेजारी, माझ्या अक्षरातल्या तीन पट्ट्यांची एक प्रत लागली आहे. चष्म्याच्या घरात आता चष्मा असतो.

परवा पुन्हा सव्वीस जानेवारी झाला. शेजारच्या पाडकामाची धूळ होतीच. मी सोसायटीचा वार्षिक अहवाल वाचत होते. मुद्दा तीनपाशी हनुवटीखाली खाज आली. मग जांभई. समोर मान्यवर, बाजूला कॅमेरेवाला. मागे पडदा होता, दोन पावलांवर, आणि पाय आपोआप तिकडे वळले. इतक्या वर्षांचे पाय. मी ते जागेवर आणले. गळ्यात अडकवलेला पंप हलवला, श्वास सोडला आणि माइकसमोरच तोंडाला लावला.

फुस्स! आंब्याच्या झाडावर बांधलेल्या दोन्ही कर्ण्यांतून तो आवाज बोरीवलीभर गेला. पंप घेतल्यावर दहा अंक मोजेपर्यंत श्वास आत धरायचा असतो. मी धरला. मान्यवरांनी गोंधळून उठावं की बसावं अशा बेताने खुर्चीचे हात धरले. पहिल्या रांगेत नाईकसाहेब कोटाच्या बटणांवर एकेक बोट टेकवत होते. पाच, सहा, सात. दहाव्या बोटाला त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

मी श्वास सोडला. तो निघाला.

"मुद्दा क्रमांक चार," मी वाचलं, "पाण्याची टाकी."